क्लॅरेंडन टाईप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाट्या करणारे, पत्रिका छापणारे, पुस्तकं लावणारे आणि वेबसाइट बांधणारे लोक इंग्रजी मजकुरासाठी क्लॅरेंडन घेतात तेव्हा तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एका जागी ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘कॅपिटल आर’, ‘लहान ए’ असं जिथे म्हटलं आहे तिथे रोमन अक्षर समजावं.

१. क्लॅरेंडन हा एक फॉन्ट आहे की फॉन्टचा प्रकार?

शब्द दोन्ही अर्थांनी चालतो आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो. १८४५ साली लंडनमध्ये निघालेल्या एका ठळक टाईपचं हे नाव. त्याच्या इतक्या नकला आणि नव्या आवृत्त्या झाल्या की त्या वळणाच्या सगळ्याच टाईपांना लोक क्लॅरेंडन म्हणू लागले. म्हणून छापखान्यात किंवा बोर्डवाल्याकडे नुसतं ‘क्लॅरेंडन लावा’ असं सांगू नका. फॉन्टचं पूर्ण नाव आणि जाडी, म्हणजे रेग्युलर, बोल्ड की ब्लॅक, लिहून द्या.

२. समोरचं अक्षर क्लॅरेंडन आहे हे ओळखायचं कसं?

आधी अक्षराच्या पायाकडे बघा. उभ्या दांड्याच्या टोकाला जी आडवी पट्टी असते ती सेरिफ. क्लॅरेंडनची पट्टी जाड असते आणि तिची टोकं सरळ कापलेली असतात. पण दांडा आणि पट्टी मिळतात तिथे काटकोन नसतो, भरीव गोलाई असते. गच्चीवर भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात पाणी मुरू नये म्हणून गवंडी सिमेंटची गोलाई भरतो, अगदी तशी. पट्टीची जाडी दांड्यापेक्षा कमी असली तरी ती केसासारखी बारीक कधीच होत नाही.

मग लहान ए घ्या. वरची कमान डावीकडे वळून खाली येते आणि तिच्या टोकाला टपोरा गोळा असतो. खाली उजवीकडे शेपूट वर उचललेली असते. असाच गोळा लहान सी, एफ, आर आणि वाय यांना मिळतो. आकड्यांत दोनला आणि तीनला बघा. शेवटी कॅपिटल आरचा पाय. तो तिरका पसरत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि जमिनीला टेकता टेकता उजवीकडे वर वळतो.

कोपऱ्यातली गोलाई, टोकाचे गोळे आणि आरचा पाय या तिन्ही खुणा सापडल्या तर फारशी शंका उरत नाही. गोलाई नसेल तर प्रश्न ५ पाहा.

३. हा टाईप कुणी आणि कशासाठी केला?

लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत (धातूचे टाईप ओतण्याच्या कारखान्यात) १८४५ साली. फाउंड्रीतले भागीदार रॉबर्ट बेझ्ली यांनी तो बाजारात आणला आणि पंच (अक्षराचे पोलादी ठसे) कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. (बेझ्ली पुढे लंडनचे लॉर्ड मेयरही झाले.)

कशासाठी, हे कळलं की तो कसा वापरायचा हेही बरंचसं कळतं. त्या काळी पुस्तकातला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून इटॅलिक (तिरपी अक्षरं) किंवा छोटी कॅपिटल्स वापरत. जाड अक्षरं होती, पण ती भित्तिपत्रकांची. १८१०च्या दशकापासून निघालेले ते टाईप दुरून दिसावेत म्हणून फुगवलेले होते. शब्दकोशाच्या ओळीत, साध्या मजकुराला खेटून असा एखादा शब्द बसवला की ओळ तिथे फाटल्यासारखी दिसायची. अक्षराची उंची जुळायची नाही, रुंदी जास्त व्हायची आणि काळेपणा डाग पडल्यासारखा वाटायचा.

क्लॅरेंडन साध्या रोमन टाईपाच्या शेजारी त्याच ओळीत बसावा म्हणून कोरला गेला. मूळचा टाईप जरा चिंचोळा होता, कारण कोशात रकाना अरुंद असतो आणि जागा मोलाची असते. कोशातले मुख्य शब्द, वेळापत्रकातली स्थानकांची नावं, किंमतपत्रकातल्या वस्तू ही त्याची पहिली कामं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्ये लावले गेले. आज प्रत्येक मजकुराच्या टाईपासोबत त्याचा बोल्ड असतोच असं आपण गृहीत धरतो. त्या सवयीची सुरुवात इथे आहे.

इंग्लंडच्या १८४२च्या कायद्याखाली बेझ्ली यांनी त्याची नोंदणी केली. संरक्षण तीन वर्षांचं होतं. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी आपापले क्लॅरेंडन काढले, आणि नाव एका टाईपाचं राहिलं नाही.

४. ‘क्लॅरेंडन’ हे नाव कशावरून?

ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसवरून, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

५. रॉकवेल, बोडोनी, कूपर ब्लॅक हेही जाड आणि सेरिफवालेच. मग फरक काय?

रॉकवेलची (मोनोटाइप, १९३४) पट्टी दांड्याला काटकोनात मिळते आणि दोघांची जाडी जवळपास सारखी असते. त्याचा ओ कंपासने काढल्यासारखा गोल. तो यंत्राचा सांगाडा वाटतो, क्लॅरेंडन हाताने घासून गुळगुळीत केलेला. बोडोनी बोल्डमध्ये उभे दांडे अतिशय जाड आणि आडव्या रेघा अतिशय बारीक असतात, त्यामुळे तो मोठ्या आकारात देखणा आणि लहान आकारात तुटका दिसतो. कूपर ब्लॅकचे (१९२२) सगळे कडेकोपरे वितळलेले असतात, पट्टीची टोकंसुद्धा.

मिठाईच्या डब्यावर आणि लहान मुलांच्या वस्तूंवर कूपर ब्लॅक आपसूक शोभतो. जिथे शब्द ठामपणे, पण आरडाओरडा न करता म्हणायचा आहे तिथे क्लॅरेंडन घ्यावा.

६. ‘वॉन्टेड’च्या पोस्टरवर असतात ती अक्षरं क्लॅरेंडनच ना?

त्याच्याच कुळातली, पण उलटी. त्यांना फ्रेंच क्लॅरेंडन म्हणतात. त्यात वरच्या आणि खालच्या पट्ट्या दांड्यांपेक्षा कितीतरी जाड असतात. अमेरिकेत हे टाईप लाकडात कापून सर्कशीच्या, लिलावाच्या, नाटकांच्या जाहिरातींवर वापरले गेले. एक-दोन शब्दांसाठी ठीक. तिसऱ्या शब्दाला वाचणारा अडखळतो. धाब्याच्या किंवा ‘रांगडा’ म्हणवणाऱ्या हॉटेलच्या पाटीसाठी लोक हा मागतात, पण त्याला बघितल्यावर जे आठवतं ते अमेरिकेचं पश्चिम टोक आणि काउबॉय. मिसळीच्या दुकानाला त्याचा काही उपयोग नाही.

७. आज नेमका कोणता क्लॅरेंडन घ्यावा? फुकट मिळतो का?

आज ‘क्लॅरेंडन’ म्हणून डोळ्यांसमोर येतं ते बहुधा हर्मन आयडेनबेंझ यांचं १९५३चं रूप. ते स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीतून निघालं. त्याच फाउंड्रीतून चारच वर्षांनी, पुढे हेल्व्हेटिका नाव पडलेला टाईप निघाला. आयडेनबेंझ यांनी स्विस बँकेच्या दहा आणि वीस फ्रँकच्या नोटाही आखल्या होत्या, आणि अक्षराची ती काटेकोर कड त्यांच्या क्लॅरेंडनमध्ये दिसते. हा मूळच्यापेक्षा रुंद आणि मोकळा आहे. शीर्षकं, पाट्या आणि बोधचिन्हांसाठी उत्तम, अरुंद रकान्यासाठी अडचणीचा. अमेरिकेत १९५५ साली फ्रीमन क्रॉ यांचा क्रॉ क्लॅरेंडन आला, तोही रुंदच.

परवान्याचे पैसे देणं शक्य नसेल तर बेझ्ली नावाचा मुक्त परवान्याचा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहे. तो ओवेन अर्ल यांनी केला आहे. जाडी रेग्युलरपासून (४००) ब्लॅकपर्यंत (९००) हवी तशी सरकवता येते, शिवाय इटॅलिकही आहे. व्यावसायिक कामाला तो चालतो, छापायला आणि वेबवर लावायलाही. मजकूर थोडा लांब असेल तर २००९चा सेंटिनल हा विकत मिळणारा फॉन्ट बघावा. तो वाचनासाठीच बेतलेला आहे.

‘फ्री फॉन्ट’ देणाऱ्या कुठल्याही साइटवरून नुसत्या क्लॅरेंडन नावाची फाइल उतरवू नका. परवान्याचा प्रश्न आहेच, पण अशा बऱ्याच फाइली जुन्या छापील नमुन्यावरून आपोआप ट्रेस केलेल्या असतात. मोठा आकार केला की गोलाईत खाचा आणि टेंगळं दिसतात, आणि कटिंगच्या मशीनवर तर त्या हमखास त्रास देतात (प्रश्न १६).

८. कुठल्या कामाला घ्यावा आणि कुठल्याला नको?

नाव, किंमत, क्रमांक, प्रकरणाचं शीर्षक, डब्यावरचा एक मुख्य शब्द, रस्त्याकडेची पाटी यांना तो जन्मजात शोभतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी तो कित्येक वर्षं वापरात होता. सोनीच्या नावातली अक्षरंही याच वळणाची आहेत, फक्त ती त्या नावापुरती वेगळी काढलेली आहेत.

लग्नपत्रिकेत मात्र जपून. वळणदार स्क्रिप्ट आणि क्लॅरेंडन बोल्ड शेजारी ठेवले की दोघंही ओरडतात. इंग्रजी नावं क्लॅरेंडनमध्ये घ्यायची असतील तर बाकी सगळा इंग्रजी मजकूर साध्या रोमन टाईपात, लहान आकारात ठेवा. शोकसंदेश, कायदेशीर सूचना, औषधांच्या सूचना यांत तो नको. तिथे त्याच्या गोळ्यांमधला गोडवा उगाच मध्ये येतो. सबंध वाक्याला लावायचा असेल तर सहा-सात शब्दांवर थांबा.

९. पूर्ण पुस्तक क्लॅरेंडनमध्ये लावलं तर?

बोल्डमध्ये अजिबात नको. सगळंच ठळक झालं की काहीच ठळक राहत नाही, आणि डोळा दुसऱ्या पानालाच थकतो. हलक्या जाडीत लावता येईल, पण पान रुंद पट्ट्यांनी विणल्यासारखं दिसतं आणि कागद जास्त लागतो.

गंमत अशी की वर्तमानपत्रांचा टाईप मात्र याच घराण्यातून वर आला. क्लॅरेंडनचा सख्खा भाऊ म्हणावा असा आयोनिक नावाचा टाईप होता. लायनोटाइप कंपनीने १९२५ साली आयोनिक नंबर ५ काढला आणि पुढे १९३१चा एक्सेल्सिअर त्याच वाटेने आला. कारण साधं होतं. वेगाने फिरणारं रोटरी यंत्र आणि खरबरीत कागद यांत बारीक रेघा तुटायच्या आणि शाई पसरून अक्षरांची पोटं, म्हणजे आतली मोकळी जागा, भरायची. मजबूत पट्टी, कॅपिटलच्या मानाने उंच लहान अक्षरं आणि उघडी पोटं या क्लॅरेंडनच्या गुणांना हलकं करून त्यांनी मजकुराचा टाईप बनवला. पुस्तकाला ही चव हवी असेल तर असा टाईप निवडा आणि क्लॅरेंडन प्रकरणांच्या शीर्षकांपुरता ठेवा.

१०. माझ्याकडे फक्त रेग्युलर आहे. सॉफ्टवेअरमधलं बोल्डचं बटण दाबलं तर चालेल का?

नाही, आणि क्लॅरेंडनच्या बाबतीत तर मुळीच नाही. बोल्डची फाइल नसताना ते बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षराच्या बाह्यरेषेला सगळीकडून सारखी जाडी चढवतं. दांडा जाड होतो, पण पट्टीही तेवढीच फुगते, लहान ईचा डोळा (वरचं बंद पोट) मिटतो आणि ए-सीचे गोळे शेजारच्या कमानीला चिकटतात. खऱ्या बोल्डमध्ये कोरणारा दांड्यात जास्त वजन घालतो, पट्टीत कमी, आणि पोट उघडं राहावं म्हणून अक्षर थोडं रुंद करतो. ठळकपणा असा रेखावा लागतो.

खोटा बोल्ड ओळखायचा असेल तर लहान ई २०० टक्के मोठा करून बघा. आतली आडवी रेघ वरच्या कमानीइतकीच जाड दिसत असेल तर तो फुगवलेला आहे. वेबवरही ब्राउझर हेच करतो: मागितलेली जाडी फाइलमध्ये नसली की स्वतः फुगवतो. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ दिलं की ते थांबतं.

११. क्लॅरेंडनचा इटॅलिक सापडत नाही. कुठे असतो?

परंपरेने नसतोच. क्लॅरेंडन स्वतःच इटॅलिकच्या जागी आलेला होता, त्यामुळे त्याला आणखी इटॅलिकची गरज कुणाला वाटली नाही. आता बेझ्ली आणि सेंटिनल या दोघांत आहेत (प्रश्न ७). ते नसतील तर क्लॅरेंडन तिरपा करू नका. गोळे लंबगोल होतात आणि पट्ट्या घसरल्यासारख्या दिसतात. इंग्रजी मजकुरातली ग्रंथनामं वगैरे ज्या टाईपात मजकूर आहे त्याच्याच इटॅलिकमध्ये घ्या.

१२. देवनागरीत क्लॅरेंडन आहे का? नसेल तर मराठीसाठी त्याच्यासोबत काय लावू?

त्या नावाने आणि त्या अर्थाने नाही. सेरिफ हा रोमन अक्षराचा अवयव आहे. आपल्या अक्षराला टोकाची पट्टी नाही, शिरोरेषा आहे. देवनागरी अक्षराच्या टोकांना पट्ट्या चिकटवून केलेले फॉन्ट अधूनमधून दिसतात. त्यात काना खांबासारखा दिसतो आणि खालचा उकार त्या पट्टीवर आदळतो. ‘कु’, ‘पु’, ‘गु’ लिहून बघा, लगेच कळेल.

जोडी जमवताना आकार जुळवायचा नाही, वजन जुळवायचं. त्याचे तीन टप्पे. पहिला: क्लॅरेंडनच्या लहान एनचा उभा दांडा आणि देवनागरी ‘न’चा काना सारखे जाड दिसले पाहिजेत. दोन्ही एकाच ओळीत १०० पॉइंटला ठेवून मोजा. दुसरा: शिरोरेषा क्लॅरेंडनच्या आडव्या पट्टीच्या जवळपास जाड हवी. शिरोरेषा खूप बारीक असली की मराठी शब्द वरून उघडा वाटतो, खूप जाड असली की इंग्रजी पोरकं दिसतं. तिसरा: उंची. लहान अक्षरांतल्या इंग्रजीबरोबर शिरोरेषा लहान एनच्या डोक्यापेक्षा थोडी वर आणि कॅपिटलपेक्षा थोडी खाली असावी. वर-खाली मात्रा-उकारांना जागा द्यायची असल्यामुळे देवनागरी अक्षर त्याच पॉइंटमध्ये लहान काढलेलं असतं. म्हणून इंग्रजी साधारण ८० ते ९० टक्क्यांवर आणावं लागतं. आकडा डोळ्याने पक्का करा.

सहज मिळणाऱ्यांपैकी वैभव सिंह यांचा एकझार बोल्ड किंवा एक्स्ट्राबोल्ड घ्या. त्याच्या देवनागरीत अंग आहे आणि कोनांना धार आहे. मार्टेल या फॉन्टचे जाड वेटही (जाडीचे प्रकार) चांगले बसतात. ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टचा एक्स्ट्राबोल्ड सगळीकडे सारख्या जाडीचा असल्याने पाटीवर छान दिसतो, पुस्तकाच्या पानावर थोडा कोरडा. टिरो देवनागरी मराठी हा फार देखणा मजकुराचा फॉन्ट आहे, पण त्याला बोल्ड नाही. त्याला क्लॅरेंडन बोल्डशेजारी बसवलंत तर मराठी फिकट पडेल. बोल्डचं बटण दाबलंत तर प्रश्न १० पुन्हा वाचावा लागेल.

कुठलाही घ्या, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं काही फॉन्टांत तेव्हाच येतात. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्दही टाईप करून बघा. अर्धचंद्री र नीट येत नसेल तर तो फॉन्ट मराठी कामाचा नाही.

१३. पाटीवर मराठी आणि इंग्रजी एकाच पॉइंटचं घेतलं, तरी मराठी लहान दिसतं. नियमात बसेल का?

बसेलच असं नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे नामफलकावर मराठी देवनागरीत आणि सुरुवातीला हवं, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. संगणकातला पॉइंट म्हणजे पाटीवरची उंची नव्हे. क्लॅरेंडनसारखा भरदार टाईप शेजारी असला की हा फरक फारच डोळ्यांत येतो.

प्रिंट काढण्याआधी मिलिमीटरमध्ये मोजा. मराठीची उंची शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या तळापर्यंत धरा, मात्रा आणि उकार सोडून. इंग्रजीची कॅपिटलची पूर्ण उंची धरा. पहिला आकडा दुसऱ्याइतका किंवा जास्त ठेवा, म्हणजे वादच राहत नाही. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकारासाठी अक्षराच्या उंचीच्या साधारण निम्मी-निम्मी जागा सोडा. ही जागा आधी धरली नाही की ऐन वेळी बोर्डवाला मराठी ओळ दाबून चपटी करतो.

१४. पाटीवरचं अक्षर किती उंच हवं?

दर दहा फूट अंतराला एक इंच कॅपिटलची उंची हा सुटसुटीत हिशोब आहे. रस्त्यापलीकडून, साधारण ४० फुटांवरून वाचायचं असेल तर ४ इंच. चालत्या गाडीतून वाचायचं असेल तर दीडपट धरा. क्लॅरेंडन रुंद असल्यामुळे लांब नाव बसत नाही. तेव्हा अक्षरं आडवी दाबू नका, दांडे बारीक आणि पट्ट्या जाड होऊन सगळं वळण बिघडतं. चिंचोळा कट असलेली आवृत्ती घ्या किंवा नाव दोन ओळींत तोडा.

१५. ‘राज’, ‘रमा’, ‘प्रसाद’ ही नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये लावली की आर आणि ए भांडतात. काय करायचं?

आरचा वर वळलेला पाय आणि एची डावी पट्टी एकाच उंचीवर भेटतात, म्हणून. मराठी नावांत ही जोडी पावलोपावली येते. साध्या अंतराला त्या दोघांच्या टोकांत एक बारीक फट राहते, आणि छापताना शाईने ती भरून दोन अक्षरं जोडली जातात. मोठ्या आकारात कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं) हाताने करा. आर-ए मध्ये १५ ते २५ एकक (फॉन्टच्या आकाराइतकी रुंदी म्हणजे एक एम, त्याच्या हजाराव्या भागाचं एकक) वाढवा, किंवा टोकं मुद्दामच पूर्ण जोडून टाका. अर्धवट चिकटलेलं सगळ्यात वाईट. ‘आई’सारख्या नावात दोन ए शेजारी आले तर तिथेही पट्ट्या टेकतात आणि वर मात्र खिंडार पडतं, बाकीच्या अक्षरांचं अंतर त्या खिंडाराच्या मानाने सैल करावं लागतं.

सगळं नाव कॅपिटलमध्ये असेल तर ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) ३० ते ६० द्या. लहान अक्षरांना शून्य किंवा जेमतेम १०. खरं तर नाव लहान अक्षरांत लावून बघाच. क्लॅरेंडनचा जीव तिथे आहे. ए, सी, आर, वाय यांचे गोळे कॅपिटलमध्ये दिसतच नाहीत.

१६. फॉइल, स्क्रीन प्रिंट, रेडियम, भरतकाम यांत काय बिघडतं?

प्रत्येकात वेगळं.

फॉइलमध्ये पोटं भरतात. लहान ईचा डोळा आणि एचं पोट यांच्यावर सोनेरी पापुद्रा तसाच बसून राहतो. खरबरीत किंवा कापडी पोताच्या कार्डावर बोल्ड १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. गुळगुळीत कार्डावर १० पर्यंत चालेल. तरी भरत असेल तर डायचा (फॉइल दाबणाऱ्या धातूच्या ठशाचा) दोष शोधण्याआधी एक जाडी खाली या.

स्क्रीन प्रिंटमध्ये कापडावर शाई पसरते आणि पट्टीच्या कोपऱ्यातली गोलाई वाढून पाय जाडजूड दिसतो. अंतर थोडं वाढवा आणि बोल्डऐवजी मीडियम घ्या.

रेडियम किंवा व्हिनाइलच्या कटिंगमध्ये अडचण नोड्सची, म्हणजे बाह्यरेषेवरच्या बिंदूंची. चांगल्या फॉन्टमध्ये एका गोलाईला दोनच नोड असतात, ट्रेस केलेल्यात दहा. ब्लेड प्रत्येक नोडवर अडखळतं आणि कड करवतीसारखी येते. फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा (फॉन्ट काढून नुसत्या बाह्यरेषा ठेवा) आणि नोड मोजा. १५ मिमीपेक्षा लहान अक्षरात ईच्या डोळ्याचा तुकडा काढताना सेरिफही उचलली जाते.

भरतकामात सेरिफची जाडी १ मिमीच्या खाली गेली की टाका बसत नाही, पट्टीऐवजी दोऱ्याची गाठ दिसते. शर्टाच्या खिशावर नाव भरायचं असेल तर आधी पट्टी मोजा, मग अक्षराचा आकार ठरवा.

१७. काळ्यावर पांढरा क्लॅरेंडन: जाड घ्यावा की बारीक?

कागदावर आणि पडद्यावर उत्तर उलटं आहे. छपाईत भोवतालची काळी शाई आत सरकते आणि पांढरं अक्षर खाते. म्हणून एक वेट जाड आणि अंतर थोडं सैल. पडद्यावर पांढरं अक्षर प्रकाश टाकतं आणि कडेने फुलतं. म्हणून एक वेट हलका. एकच फाइल पत्रकाला आणि मोबाइलला वापरली की दोन्हींपैकी एक बिघडलेलं असतं.

१८. आत दिवे असलेली अक्षरं करायची आहेत. चालेल?

चालेल, पण पुढून उजळणाऱ्या पेटीच्या अक्षरांत सेरिफच्या टोकांपर्यंत एलईडी पोचत नाही आणि रात्री टोकं काळी दिसतात, जणू सेरिफ तुटली आहे. अक्षर उंच करा किंवा भिंतीवर प्रकाश पडणारी, मागून उजळणारी पद्धत निवडा. त्यात अक्षराची बाह्यरेषा दिसते, आणि क्लॅरेंडनची बाह्यरेषा बघण्यासारखीच आहे.

१९. रुपयाचं चिन्ह टाईप केलं की चौकोन येतो किंवा भलताच बारीक रुपया येतो.

रुपयाचं चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं. त्याआधीच्या फाइलींमध्ये ते असणं शक्य नाही. चौकोन आला म्हणजे चिन्ह नाही. बारीक आला म्हणजे सॉफ्टवेअरने दुसऱ्या फॉन्टमधून आणलं. किंमतफलकावर हा बारीक रुपया आणि शेजारी जाड आकडा फार विद्रूप दिसतो. मराठी फलक असेल तर ‘रु.’ देवनागरीत आणि त्यापुढे आकडे, हा सगळ्यात स्वच्छ उपाय. चिन्हच हवं असेल तर ज्या देवनागरी फॉन्टशी जोडी जमवली (प्रश्न १२) त्याच्याच बोल्डमधून घ्या. ते चिन्ह ‘र’च्या वळणाचं असल्याने तिथे बेमालूम बसतं.

२०. रोमन लिपीत संस्कृत किंवा मराठी शब्द द्यायचे आहेत, टिंबं आणि रेघांसकट. क्लॅरेंडन पुरेल का?

छापण्याआधी तपासा. ए-आय-यूवरची आडवी रेघ, एसवरची तिरकी रेघ, आणि टी, डी, एन, एल, एस यांच्या खालचं टिंब ही यादी एका ओळीत टाईप करून प्रिंट काढा. रेघांची अक्षरं बहुतेक ठिकाणी सापडतात, खालची टिंबं नसण्याचीच शक्यता जास्त. ‘ळ’साठी एलच्या खाली टिंब लागतं आणि ते नेमकं जाड सेरिफच्या खाली येतं. चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून आलं तर ते बारीक आणि सेरिफला चिकटलेलं दिसतं. कोशाच्या किंवा सूचीच्या कामात असं एकच अक्षर शेकडो वेळा येतं, म्हणून ही चाचणी पानं लावायच्या आधी करा. अक्षर नसेल तर मुख्य शब्द देवनागरीत ठळक घ्या आणि रोमन रूप साध्या टाईपात द्या.

२१. बोधचिन्हासाठी फॉन्टमधली अक्षरं थोडी बदलून वापरली तर परवाना लागतो का?

लागतो. अक्षरं कर्व्ह करून बदलली तरी सुरुवात फॉन्टच्या फाइलपासूनच झाली, आणि ती फाइल सॉफ्टवेअर म्हणून विकलेली असते. विकतच्या फॉन्टांत बोधचिन्हाला परवानगी आहे की नाही हे परवान्यात लिहिलेलं असतं. छपाईचा परवाना वेबसाइटला किंवा अ‍ॅपला आपोआप लागू होत नाही. बेझ्लीसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमधून बोधचिन्ह करायला अडचण नाही, फक्त तो फॉन्ट एकटाच, स्वतंत्रपणे विकता येत नाही. गिऱ्हाइकाला काम देताना अक्षरं कर्व्ह केलेली फाइल द्या आणि फॉन्टचं नाव व परवाना कळवा, पण विकत घेतलेली फॉन्टची फाइल सोबत जोडू नका.